आवंदा किडे गप हायत

मे महिन्यातली दुपार होती. मी पुण्याहून आठ दिवसांसाठी जळकोटला आलो होतो आणि घरापुढच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून ऑफिसची मीटिंग करत होतो. मीटिंगमधल्या एकानं तिसऱ्यांदा विचारलं, "तुझ्या मागं मिक्सर चालू आहे का?" मी म्यूट केलं आणि वर बघितलं. मिक्सर वगैरे काही नव्हता. झाडावर किडे ओरडत होते. चिर्रर्र असा एकच लांबलचक आवाज, मध्ये दम घेतल्यासारखा थांबायचा आणि दुसऱ्या फांदीवरून पुन्हा सुरू व्हायचा. चारेकशे किलोमीटर लांब पुण्यात बसलेल्या माणसाला तो हेडफोनमधून त्रास देत होता.

माझ्यापासून चार हातांवर बाजेवर आबा पडले होते. माझे आजोबा, वय ब्याऐंशी. मीटिंग संपल्यावर ते म्हणाले, "आवंदा हे किडे गप हायत की रं. औषधं मारू मारू मारून टाकले समदे. झाडावर एक बी वरडंना गेलंय."

मी आधी हसलो. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते चेष्टा करत नव्हते.

त्या आठवड्यात मी या किड्याबद्दल जे मिळेल ते वाचलं. निमित्त आबांचं होतं. पण वाचता वाचता कळलं, की या किड्याचा इतिहास म्हणजे बराचसा माणसाच्या कानांचा इतिहास आहे. कुणाला काय ऐकू आलं, कुणाला आलं नाही, आणि कुणी ते लिहून ठेवलं.

आधी नावाचा घोळ

आमच्या घरात या किड्याला वेगळं नाव नाही. दिवसा ओरडो की रात्री, सगळे रातकिडेच. पण रातकिडा वेगळा आणि हा वेगळा. रातकिडा टोळाच्या नात्यातला. तो एका पंखावर दुसरा पंख घासून आवाज काढतो, जमिनीवर, बिळात, दगडाखाली राहतो आणि बहुतेक रात्री बोलतो. झाडावर बसून भर उन्हात ओरडणारा तो सिकाडा. तो ढेकूण आणि माव्याच्या नात्यातला. त्याला चावायला दात नाहीत. सुईसारखी सोंड असते, ती झाडात खुपसून तो रस पितो. आवाज काढायला तो पंख वापरत नाही, पोट वापरतो.

घोळ जुनाच आहे. संस्कृतात झिल्ली, झिल्लिका हे शब्द आहेत, आणि शब्दकोश त्यांचा अर्थ कधी रातकिडा देतात, कधी सिकाडा. महाभारतातल्या नलोपाख्यानात विदर्भाची दमयंती एकटी पडून रानात शिरते, तेव्हा ते रान झिल्लिकांच्या आवाजानं भरलेलं आहे. भीती दाखवायला कवीनं वाघ-सिंहांसोबत हा आवाजही घेतला. ज्यानं मे महिन्यात भर दुपारी एकट्यानं डोंगरातली वाट तुडवली आहे, त्याला हे पटेल. माणूस नाही, पाखरू नाही, आणि सगळीकडून आवाज.

मेलेला किडा गायला लावणारा माणूस

युरोपात या किड्याबद्दल पहिल्यांदा नीट लिहिलं ते ॲरिस्टॉटलनं, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. गातो तो नर, हे त्याला माहीत होतं. पिल्लू जमिनीतून वर येतं आणि पाठ फाटून त्यातून किडा बाहेर पडतो, हेही माहीत होतं. कात टाकण्याआधी पिल्लू खायला सगळ्यांत चविष्ट लागतं, हे सुद्धा त्यानं नोंदवून ठेवलंय. म्हणजे बघून आणि चाखून लिहिलेलं आहे.

आवाज नेमका कुठून येतो, हे उलगडायला मात्र दोन हजार वर्षं गेली. ते काम केलं रेओम्यूर नावाच्या फ्रेंच माणसानं. गंमत अशी, की त्यानं जिवंत सिकाडा पाहिलाच नव्हता. दक्षिण फ्रान्समधून त्याला दारूत बुडवलेले मेलेले किडे यायचे. १७४० साली छापलेल्या कीटकांवरच्या ग्रंथात त्यानं लिहिलं, की नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना एकेक ताठ पडदा असतो, त्यावर बरगड्यांसारख्या घड्या असतात आणि आतून त्याला एक जाड स्नायू जोडलेला असतो. रेओम्यूरनं चिमट्यानं तो स्नायू ओढला आणि सोडला. मेलेला किडा बोलला.

हे यंत्र समजायला सोपं आहे. पत्र्याच्या डब्याचं झाकण मधोमध दाबलं की टक् वाजतं, सोडलं की पुन्हा टक्. त्या पडद्याचं तसंच आहे. फक्त हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं, आणि नराचं पोट बरंचसं पोकळ असल्यामुळं आवाज त्यात घुमून मोठा होतो. ढोल आणि टिपरू दोन्ही एकाच अंगात. मादीकडं हा ढोल नाही. तिचं पोट अंड्यांसाठी आहे.

तोफ उडवणारा मास्तर

मग येतो माझा सगळ्यांत आवडता माणूस, झाँ आँरी फाब्र. फ्रान्समधला गरीब घरातला शाळामास्तर. उतारवयात त्यानं सेरिन्याँ गावात एक पडीक रान घेतलं आणि उरलेलं आयुष्य तिथले किडे बघण्यात घालवलं. त्याच्या दारात झाडं होती आणि झाडांवर सिकाडा. उन्हाळाभर त्या आवाजात बसून तो लिहायचा.

फाब्रला प्रश्न पडला, की इतकं ओरडतात तर यांना स्वतःला ऐकू येतं का? त्यानं गावाच्या मालकीच्या दोन उखळी तोफा मागून आणल्या. जत्रेला बार काढायला असतात तशा. घराच्या काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघडल्या, तोफा झाडाखाली लावल्या, साक्षीला माणसं उभी केली आणि बार उडवला. वरचं गाणं जसंच्या तसं चालू राहिलं. दुसरा बार, तरी तेच. फाब्रनं निष्कर्ष काढला, की हा किडा निदान चांगलाच कानानं अधू असावा.

प्रयोग धाडसी होता, पण निष्कर्ष चुकला. सिकाडाला कान असतात, नराला आणि मादीलाही, पोटाच्या खालच्या बाजूला. पण ते त्याच्या जातीच्या आवाजाला लावलेले असतात. आकाशवाणी एका स्टेशनावर लावली की दुसरं ऐकू येत नाही, तसं. तोफेचा धडाका त्या किड्याच्या लेखी दुसऱ्याच स्टेशनावर होता.

पुढचा धागा आपल्या शेजारी सापडला. इंग्रज शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. एस. प्रिंगल यानं सिलोनमधल्या म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या सिकाडांवर काम केलं आणि १९५४ साली ते छापलं. त्यातल्या प्लॅटिप्लूरा या कुळातले किडे भारतातही आहेत. प्रिंगलला दिसलं, की मेंदूकडून स्नायूला एक हुकूम गेला की स्नायू एकदाच हलत नाही, त्या एकाच हुकमावर तो आपोआप अनेक वेळा थरथरतो. इतका वेगवान आवाज त्यामुळं शक्य होतो. आणखी एक गोष्ट त्यातून समोर आली. गाताना नर आपल्या कानाचा पडदा सैल सोडतो. नाहीतर स्वतःच्याच आवाजानं तो बहिरा होईल. म्हणजे फाब्रचा किडा बहिरा नव्हता. तो गात होता, म्हणून त्यानं कान मिटून घेतले होते.

हे वाचलं त्या रात्री मी आबांना मोठ्यानं विचारलं, "आबा, उद्या उदगीरला जायचं का? कान दाखवू."

"माझ्या कानाला काय धाड भरली?" आबा म्हणाले. "तू हळू बोलायलास."

खाली वर्षं, वर काही आठवडे

उदगीरची गोष्ट पुढं येईल. आधी हा किडा ओरडतो कशासाठी ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तो मादीला बोलावतो. प्रत्येक जातीचं गाणं वेगळं, त्यामुळं एकाच झाडावर तीन जाती असल्या तरी मादी आपलाच नर शोधते. अमेरिकेतल्या काही जातींमध्ये मादी उत्तरही देते. नराची ओळ संपली की सेकंदाच्या लहानशा, ठरलेल्या अंतरानं ती एकदाच पंख झटकते. टक्. वेळ चुकली तर नर ते उत्तर मानत नाही. बरोबर आली तर तो जवळ सरकतो, पुन्हा गातो, पुन्हा टक्. आम्ही दोन मशीनमध्ये कनेक्शन जोडताना जे करतो ते हेच. आणि जिथं असा करार असतो तिथं फसवणारा पण येतो. या किड्यांना एक बुरशी लागते, तिचं नाव मॅसोस्पोरा. बुरशीनं पोखरलेला नर मादीसारखे पंख झटकायला लागतो. दुसरे नर भुलून त्याच्याकडं येतात आणि बुरशी घेऊन जातात. हे २०१८ साली छापून आलं. किड्याच्या शरीरातलं सॉफ्टवेअर हॅक झालंय, असं म्हणायला माझी हरकत नाही.

जमलं तर जोडा पाठीला पाठ लावून बराच वेळ बसतो. मग मादी कोवळ्या फांदीला चीर पाडून आत अंडी घालते. काही आठवड्यांनी मुंगीएवढं पिल्लू बाहेर येतं, फांदीवरून खाली पडतं आणि भेगेतून जमिनीत शिरतं. तिथं मुळाला सोंड लावून बसतं. मुळातून वर चढणारा हा रस जवळपास पाणीच असतो, त्यात अन्न अगदी थोडं. म्हणून वाढ हळू. पिल्लू खाली चार वेळा कात टाकतं, पाचवी कात वर झाडावर. जातीप्रमाणं दोन वर्षं, चार, पाच आणि त्याहून जास्त. फाब्रनं त्याच्या गावच्या किड्याचा हिशेब चार वर्षं खाली आणि जेमतेम महिनाभर वर, असा मांडला होता.

फाब्रनं त्या पिल्लाचं बीळही उकरून बघितलं होतं. आतल्या भिंती लिंपलेल्या असतात. पिल्लू स्वतःच्या मुतानं माती भिजवून गिलावा करतं. वर निघायची वेळ जवळ आली की ते बिळाच्या तोंडाशी बोटभर माती ठेवून थांबतं. हवामान बघतं. पाऊस, थंड वारा असला तर पुन्हा खाली. एवढी वर्षं काढल्यावर शेवटच्या बोटभर मातीत घाई करत नाही.

सकाळी खोडावर तपकिरी, पाठ फाटलेली, पायांनी घट्ट धरून बसलेली जी टरफलं दिसतात, ती त्याची शेवटची कात. लहानपणी आम्ही ती शर्टाला चिकटवून शाळेत जायचो.

सतरा वर्षं मोजणारा शेतकरी

किडा इतकी वर्षं खाली राहतो, हे माणसाला कळलं कसं? उकरून नाही कळत. उकरलं की तो मरतो. एकच उपाय, एका जागी राहायचं, ऐकायचं आणि लिहून ठेवायचं.

अमेरिकेच्या पूर्व भागात काही जाती अशा आहेत, की त्यांचे लाखो किडे एकाच वर्षी वर येतात आणि मग १३ किंवा १७ वर्षं एकही नाही. १७१५ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियातल्या आंद्रेयास सांडेल या स्वीडिश पाद्रीनं अशा एका वर्षाची नोंद केली. त्यानंतर त्याच टोळीची मोजणी ज्यानं आयुष्यभर केली तो पाद्री नव्हता, प्राध्यापकही नव्हता. बेंजामिन बॅनेकर. बाल्टिमोरजवळचा कृष्णवर्णीय शेतकरी. आजूबाजूला गुलामगिरी चालू असताना हा स्वतंत्र माणूस होता. बरंचसं स्वतः शिकून त्यानं गणित आणि खगोल आत्मसात केलं आणि पुढं पंचांगं छापली. १७४९ साली तो सतरा वर्षांचा होता. झाडांवर इतके किडे बघून त्याला वाटलं हे पीक खाऊन टाकणार, म्हणून तो मारत सुटला. थोड्या वेळात कळलं, हे संपणारं काम नाही. १७६६ ला ते पुन्हा आले. १७८३ ला पुन्हा. मग त्यानं वहीत लिहिलं, की आता १८०० साली यांची वाट बघावी. १८०० ला ते आले.

तीनदा बघितल्याशिवाय त्यानं भाकीत केलं नाही. त्यासाठी चौतीस वर्षं लागली.

१८०६ मध्ये बॅनेकर वारला. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीच त्याच्या घराला आग लागली आणि बहुतेक सगळं जळालं. ही वही तेवढी वाचली. ती जळाली असती तर किडे तरी सतरा वर्षांनी आलेच असते. पण त्या माणसानं त्यांची वाट बघितली होती, हे कुणाला कळलं नसतं.

२०२४ साली अमेरिकेत १३ वर्षांवाली एक टोळी आणि १७ वर्षांवाली एक टोळी एकाच उन्हाळ्यात वर आल्या. आमच्या ऑफिसात याचे मीम फिरत होते. १३ आणि १७ दोन्ही मूळ संख्या, गुणाकार २२१. म्हणजे या दोन टोळ्या याआधी एकत्र आल्या त्या १८०३ साली. आपल्याकडं त्याच वर्षी सप्टेंबरात आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रज आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. किड्याच्या दोन भेटींच्या मध्ये आपलं सगळं एकोणिसावं आणि विसावं शतक मावतं.

मला जास्त आवडलेली गोष्ट २००० सालातली आहे. रिचर्ड कार्बन आणि त्याच्या सोबत्यांनी विचारलं, की हा अंधारात बसलेला किडा सतरा मोजतो कसा? त्यांनी पंधरा वर्षांची पिल्लं अशा पीचच्या झाडांच्या मुळांवर ठेवली, ज्यांना एकाच वर्षात दोनदा बहर यायला लावलं होतं. किडे एक वर्ष आधी वर आले. याचा अर्थ तो वर्षं मोजत नाही. झाडाचा बहर मोजतो, मुळातल्या रसाचा चढ-उतार मोजतो. कॅलेंडर त्याच्याकडं नाही. झाड हेच त्याचं कॅलेंडर.

हे वाचून मला आबा आठवले, ते चार हातांवर असून. आबांनी आयुष्यात कधी इसवी सन सांगितला नाही. त्यांचा जन्म रझाकाराच्या आधी चार-पाच वर्षं. लग्न बहात्तरच्या दुष्काळाआधी. विहिरीला पाणी लागलं ते भूकंपाच्या साली. त्यांनीही वर्षं मोजलीच नाहीत. काय घडलं ते मोजलं.

आपल्याकडची वही

भारतातल्या सिकाडांची मोठी यादी पहिल्यांदा छापली गेली १९०६ साली, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत. लेखक विल्यम लुकस डिस्टंट. वसाहतीतून टाचणीला टोचून गेलेल्या किड्यांवरून, रंग, पंखावरच्या शिरा, अंगाची मापं. प्रत्येक जातीला लॅटिन नाव मिळालं. गाणं मात्र टाचणीवर राहत नाही. रेओम्यूरला निदान दारूतला ओला किडा मिळाला होता, वाळलेला किडा चिमट्यानंही बोलत नाही.

त्यानंतर एकशे दहा वर्षांनी, २०१६ साली, भारत आणि शेजारच्या देशांतल्या सिकाडांची नवी यादी आली. त्यात २८१ जाती आहेत. ती करणाऱ्यांत लंडनच्या बेन प्राइसबरोबर किरण मराठे, विवेक सरकार, कृष्णमेघ कुंटे ही आपल्याकडची नावं आहेत. आता कामाची पद्धतही बदलली आहे. आधी रानात रेकॉर्डर लावायचा, गाणं धरायचं आणि मग किडा ओळखायचा. तरीही यातल्या बहुतेक जाती जमिनीखाली किती वर्षं काढतात, हे अजून कुणी मोजलेलं नाही.

एका जातीचं मोजलंय, आणि त्याचं श्रेय गावाला आहे. मेघालयात री-भोई जिल्ह्यात सैडेन गावाजवळच्या रानात दर चार वर्षांनी मे महिन्यात हजारो किडे एकदम वर येतात. तिथले लोक त्याला न्यांगतासेर म्हणतात, रात्री मशाली घेऊन गोळा करतात आणि खातात. विज्ञानानं त्याला क्रेमिस्टिका रिभोई हे नाव दिलं २०१३ साली. गावाला तो येण्याचं वर्ष त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. २००६, २०१०, २०१४, २०१८, २०२२. योगायोगानं ही सगळी फुटबॉल वर्ल्ड कपची वर्षं, म्हणून बाहेरचे लोक त्याला वर्ल्ड कपचा किडा म्हणतात.

जळकोटच्या किड्याचं तसं नाही. बालाघाटाच्या या मुरमाड डोंगरात तो दर उन्हाळ्यात थोडाथोडा येतो. म्हणजे एक पिढी वर गात असताना पुढच्या काही पिढ्या खाली वेगवेगळ्या वयाच्या असतात. दरवर्षी दिसतो म्हणून कुणी मोजायच्या भानगडीत पडत नाही.

उदगीर

आबांना शेवटी उदगीरला नेलं. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला. शिटी ऐकू आली की बोट वर करायचं. जाड शिट्यांना बोट पटापट वर गेलं. बारीक शिट्या सुरू झाल्या आणि बोट मांडीवर पडून राहिलं. मला काचेबाहेर त्या शिट्या पुसट ऐकू येत होत्या. आबा समोर बघत होते, काहीच न झाल्यासारखे.

डॉक्टरांनी कागद दाखवला. गोल म्हणजे उजवा कान, फुली म्हणजे डावा. दोन्ही रेषा थोडं अंतर सरळ जाऊन खाली कोसळल्या होत्या. दोन हजार हर्ट्झच्या पुढं जवळपास काही नाही. म्हातारपणात बारीक आवाज आधी जातात. स, श, च, फ अशी अक्षरं जातात, म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाही. मी फोनवर कडुनिंबाचा आवाज मोजून ठेवला होता. तो सहा हजारांच्या आसपास होता. आबांच्या कागदावर तिथं कोरी जागा होती.

येताना गाडीत मी त्यांना सांगितलं, "आबा, किडे मेले न्हाईत. वरडायलेत. तुमाला ऐकू येईना गेलंय."

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आसंल. पर एकदा ते खरंच गप झालते."

आणि त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. बहात्तरच्या दुष्काळात ते पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. सुकडी खाऊन दिवस काढायचे. झाडांना पाला नव्हता, तरी त्या उन्हाळ्यात हे किडे डोकं उठवायचे. "आमच्या पोटात काय न्हाई आन् हे वर बसून गाणं म्हनायलेत, मनून दगड मारायचो." पुढं तीन उन्हाळ्यांनी धाकट्या आत्याचं लग्न झालं. मांडव झाडाखाली. दुष्काळ कधीच सरला होता, पाला भरपूर, पाऊसपाणी बरं. आणि झाड गप. "मांडवात सनई वाजली तवा माझ्या ध्यानात आलं, की वरून कायच आवाज न्हाई."

माझ्या डोक्यात एकदम गणित सुटायला लागलं. दुष्काळाच्या उन्हाळ्यात गाणारे किडे चांगल्या वर्षांत जमिनीत उतरलेले. त्यांना दुष्काळ लागला नाही, कारण ते वर्षांपूर्वीच खाली होते. पण त्यांनी वाळलेल्या फांद्यांवर घातलेली अंडी, कोरड्या मातीत पडलेली पिल्लं, ती गेली असतील. मग त्या पिढीची वर यायची पाळी आली, तेव्हा वर यायला कुणीच नसेल. तीन वर्षं. जळकोटच्या किड्याचं आयुष्य तीन वर्षांचं?

पुण्यात असतो तर कदाचित लगेच पोस्ट टाकली असती. पण बॅनेकर आडवा आला. एका माणसाची पन्नास वर्षांपूर्वीची एक आठवण म्हणजे पुरावा नाही. पाऊस आधी पडला असेल, लग्नाच्या गडबडीत लक्ष गेलं नसेल, वर्ष चुकलं असेल. आणि ज्या माणसानं याच आठवड्यात ओरडत्या झाडाला गप म्हटलं, त्याच्या कानावर किती विसंबायचं?

पण तेव्हाचे कान तिशीतले होते. आणि गावात तो उन्हाळा आठवणारी माणसं आता थोडी उरली आहेत, त्यातलीही बरीच आबांच्या वयाची. म्हणजे त्यांचे कागदही असेच. आपली वही कुणी जाळलेली नाही, ती लिहिलीच गेली नाही. ती या माणसांच्या डोक्यात आहे, आणि त्यांना जोवर प्रश्न ऐकू येतो तोवरच विचारता येईल.

घरी आल्यावर मी एक गोष्ट केली. झाडाखाली फोनवर दोन मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि चौपट हळू केलं. असं केलं की आवाजाची पट्टीही चौपट खाली येते. सहा हजार हर्ट्झचा आवाज दीड हजारावर आला, म्हणजे आबांच्या रेषा कोसळतात त्याच्या अलीकडं. फोन त्यांच्या कानाला लावला. घर्रर्र, घर्रर्र, जुन्या पाणचक्कीसारखा आवाज.

आबांनी डोळे मिटले. पुन्हा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "हेच. पर ह्यो लई हळू वरडायलाय. म्हातारा झालाय बिचारा."

मी फोनमध्ये नवी नोट उघडली. तारीख टाकली. पहिली ओळ: कडुनिंब, दुपारी तीन, चालू. दुसरी ओळ आबांनी सांगितली, ती त्यांच्याच शब्दांत लिहिली: बहात्तरला होते, आत्याच्या लग्नात नव्हते.

आता दर उन्हाळ्यात त्यात एक ओळ वाढवायची आहे. मी नसेन तेव्हा आई बघणार आहे, तिचे कान चांगले आहेत.